अकराव्या प्रकरणाचे टाके

शेवगाव, ता. ९ जानेवारी १९४४

ती. सौ. लंकाअक्कांच्या सेवेशी,
गोजरचा शि. सा. न. वि. वि.

सोबत तिळगुळाची पुडी आहे. हलव्याला साखर कुठली, ती सगळी कंट्रोलात अडकली. तेव्हा लाडू दाताला चिकटले तर सरकारला बोला, भावजयीला बोलू नका. इकडे सर्व क्षेम आहे. आबांचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, पण ते कबूल करत नाहीत. तुमच्या भावाला नगरच्या छावणीचं खाकी सदऱ्यांचं काम मिळालं आहे. ते कापतात आणि मशीन मारतात, काजं माझ्याकडे. सुई धरून बोटं इतकी निबर झाली आहेत, की भाकरी भाजताना तवा तापलाय का गार, तेही आता बोटांना कळत नाही.

दोऱ्याचं रीळ डोळ्यांना दिसत नाही. आबा दुकानातली दोऱ्याची तोडकी टोकंसुद्धा गोळा करून ठेवतात. पण एका कामाला त्यांना दोरा कधी कमी पडत नाही, आणि त्याचीच तक्रार मला तुमच्याकडे करायची आहे. तुमचे वडील आहेत, तुम्हीच ऐकून घ्या.

तुम्हाला ठाऊक आहे, गेल्या वर्षी आबांनी वाचनालयाचे चिटणीस या नात्यानं भांडून आम्हा बायकांसाठी एक वेगळं कपाट मिळवलं. मी त्यांना त्या दिवशी वाकून नमस्कार केला होता. पण त्या कपाटात पुस्तक ठेवण्याआधी आबा ते घरी आणतात, चाळतात, आणि जे प्रकरण आम्हाला सोसणार नाही असं त्यांना वाटतं, त्याची पानं तिन्ही कडांनी शिवून टाकतात. खरंच शिवतात, अक्का. सुई-दोऱ्यानं. शिंप्याच्या हाती वाचनालय दिलं की आणखी काय होणार!

दुपारी काजं करता करता मी मोठ्यानं वाचते. टांगेवाल्या अजीजभाईंची शमशाद, समोरची गोदाकाकू, दोघी-तिघी आणखी येतात. शमशादला वाचता येत नाही, पण ऐकलेलं तिच्याइतकं कुणाच्या ध्यानात राहत नाही. परवापर्यंत आमच्याकडे होडीवालीची कादंबरी होती. मुखपृष्ठ केव्हाच गेलं, म्हणून आम्ही तिला तेच नाव ठेवलं. नवरा परागंदा झालेली एक नावाडीण आणि तिचा पाय अधू झालेला सासरा. होडी घाटाला बांधून पडलेली, कारण त्या घरातल्या बाईनं वल्ह्याला हात लावायचा नाही. दहाव्या प्रकरणाच्या शेवटी ती घाटावर बसून रडते. बाराव्या प्रकरणात पाहावं, तर ती भर पुरातून माणसं पैलतीराला नेते आहे! मधलं अकरावं शिवलेलं. मथळा तेवढा दोन टाक्यांच्या मधून दिसतो, ‘सासऱ्यास उत्तर’. आबांनी मथळा वाचला आणि सुई उचलली, दुसरं काय.

शमशाद म्हणाली, की तिला सपनात कुणी पीर दिसला असंल, त्यानंच वल्हं दिलं असंल. गोदाकाकू म्हणाल्या, की सासरा मेला असणार, त्याबगर न्हाई सुटायची ती. दोन दिवस आमचं हेच भांडण. शेवटी परवा मी ते टाके उसवले. वाचलं. सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि पुन्हा शिवून पुस्तक परत केलं. काय होतं ते पत्रात लिहीत नाही, तुम्ही आलात की तोंडानं सांगेन. एवढंच सांगते, की पीर आला नव्हता आणि सासरा मेला नव्हता.

पुढच्या महिन्यात वाचनालयाचा वाढदिवस. जो तो सभासद उठून आपलं आवडतं पुस्तक कोणतं आणि का, ते सांगतो. यंदा बायकांनीही लिहून द्यायचं आहे, घरातला पुरुष ते वाचणार. मी होडीवालीचंच लिहिणार. तुमचं आवडतं कोणतं, ते कळवा.

लोभ आहे तसा राहू द्या. वाढला तर मी तक्रार करणार नाही.

आपली,
गोजर


अहमदनगर, ता. १६ जानेवारी १९४४

चि. सौ. गोजर हिस,
लंकाअक्काचे अ. उ. आ.

लाडू पोचले. ह्यांची दाढ हलली आणि मी सरकारला बोलले, तुझी आज्ञा मोडली नाही. कोर्टात हल्ली दावे कमी आणि अर्ज फार, रॉकेलचा अर्ज, कापडाचा अर्ज. हे घरी येतात ते शाईनं माखूनच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा घाबरले. अगं, तू ते टाके परत घातलेस ते कसे? आबांचा कच्चा धावदोरा असतो, लांब लांब, घाईचा. तसाच ओबडधोबड घातलास ना? का आपल्या हातचा बारीक, एकसारखा टाका घातलास? आमच्या घरात अक्षर ओळखायच्या आधी टाका ओळखायला शिकवतात. लहानपणी माझ्या पोलक्याची बाही कुणी शिवली, ते आबा दारातून सांगत. ‘बाळबोध टाका, हा लंकीचा’ म्हणून माझी किती वेळा उतरवली आहे! लगेच कळव, म्हणजे माझा जीव खाली पडेल.

माझं आवडतं पुस्तक विचारलंस. हसू नकोस. शाळेतल्या भूगोलाचं जुनं पुस्तक. त्यात समुद्राचं एक पान आहे, भरती का येते, खारं वारं का सुटतं, बंदरात गलबतं कशी लागतात. मी समुद्र पाहिला नाही, आता पाहीन असंही वाटत नाही. स्वयंपाक आटोपला की ते पान काढते. कथाकादंबऱ्यांतली माणसं मला रडवतात, हसवतात आणि शेवटी पुन्हा याच ओट्यापाशी आणून सोडतात. ते पान मला कुठेच आणून सोडत नाही, तिथेच राहू देतं. म्हणून आवडतं. ह्यांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, भूगोल काय वाचायची गोष्ट आहे? तेव्हापासून त्यांना सांगत नाही, तुला सांगते.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
लंकाअक्का


शेवगाव, ता. २० जानेवारी १९४४

चि. सौ. लंकाबाई हिस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचे कारण आनंदाचे नाही. तुझ्या भावजयीने वाचनालयाच्या पुस्तकाचे टाके उसवून निषिद्ध प्रकरण वाचले व आळीतल्या बायकांस वाचून दाखवले. मला ते कोणी सांगितले नाही. पुस्तक हाती आले, मी कड पाहिली. माझे टाके आठ-दहा असतात. इथे त्याच जागी अंगरख्याच्या गळ्याला घालावे तसे बारीक, दाण्यासारखे टाके. असा हात तालुक्यात दुसरा नाही, तो मीच घडवला आहे. विचारले, तर तिने नाकारले नाही. उलट म्हणाली, की आबा, वाईट टाका माझ्या हातून पडत नाही, त्याला मी काय करू? तुझा भाऊ सूर्यभान तेथून उठून गेला, तो हसायला गेला असावा असा माझा संशय आहे.

मुली, तू जाणती आहेस. ते कपाट मला सहज मिळालेले नाही. काकासाहेब अध्यक्ष व इतर सभासद म्हणत होते, की बायका वाचू लागल्या की घरे मोडतात. मी भर सभेत शब्द दिला, की अयोग्य ते त्यांच्या हाती जाणार नाही, त्याला मी जामीन. त्या शब्दावर कपाट उघडले. तो शब्द सुनेने मोडला, म्हणजे मीच मोडला. मी दरवर्षी वाढदिवसाला त्या किल्लेदाराच्या बखरीविषयी बोलतो, ते तुला माहीत आहे. धनी मेला, मुलूख गेला, दाणा संपला, तरी दिलेल्या शब्दासाठी त्याने दरवाजा उघडला नाही. मला ते पुस्तक आवडते ते लढाईसाठी नव्हे, त्या एका बंद दरवाजासाठी.

आता समितीने ठरवले आहे, की गोजरबाईने वाढदिवसाच्या सभेत लेखी माफी मागावी, ती सूर्यभानने वाचावी. मग कपाट उघडेल. तोवर कुलूप. न मागितल्यास कुलूप कायमचे. तुझे ती ऐकते. तिला समजाव.

जावईबापूंस नमस्कार. आमच्यावर राग नसावा.

तुझे,
आबा


अहमदनगर, ता. २४ जानेवारी १९४४

चि. सौ. गोजर हिस अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही, कारण उत्तर आबांच्याच पत्रात मिळालं. अंगरख्याच्या गळ्याचा टाका! अगं वेडे, चोरी करताना तरी हात वाकडा करायचास.

आता माझं ऐक. दोन ओळी लिहून दे. चुकलं, पुन्हा होणार नाही. शब्दांनी अंगाला भोक पडत नाही. तुझ्या एकटीचं असतं तर मी म्हटलं नसतं, पण कुलूप सगळ्या बायकांच्या पुस्तकांना लागलं आहे. गोदाकाकूंनी आता दुपारी काय करायचं? शमशादनं काय ऐकायचं? तुझ्या मानापायी त्यांची दुपार जाते आहे. आणि आबा कडक असले तरी खोटे नाहीत. त्यांची मान खाली जाणं मला बघवणार नाही.

मला ठाऊक आहे, तू हे वाचून पाय आपटणार आहेस. आपट, मग लिही. प्रेमात खंड नको.

तुझी,
लंकाअक्का


शेवगाव, ता. २ फेब्रुवारी १९४४

ती. सौ. लंकाअक्कांस,
गोजरचा शि. सा. न. वि. वि.

पाय आपटले. नंतर चार दिवस काही लिहिलं नाही, म्हणजे रागानं लिहिलं असं होऊ नये. पण राग गेलेला नाही, तेव्हा आता तसंच लिहिते.

तुमचं म्हणणं मी शमशाद आणि गोदाकाकूंपुढे ठेवलं. म्हटलं, माझ्यामुळे तुमचं वाचन बंद पडलं, तुम्ही सांगाल तसं करीन. गोदाकाकूंनी सुपारी कातरली. मग म्हणाल्या, की माफी मागून जे कपाट मिळंल त्यातली पुस्तकं बी शिवल्यालीच असत्याल न्हवं? मग कशापायी मागायची? शमशाद म्हणाली, की मला तर समदं तोंडपाठ हाय, कपाट लावा न्हाईतर हिरीत टाका. त्या दोघींनी मला मोकळं केलं, अक्का. आता तुम्ही बांधू नका.

मला ते पुस्तक का आवडतं, ते तुम्हाला सांगते. नावाडीण शूर आहे म्हणून नाही. ती रडते, घाबरते, घाटावर बसून नवऱ्याच्या नावानं बोटं मोडते. आजवर ज्या पुस्तकांतल्या बाया मला वाचायला मिळाल्या, त्या एकतर देवी होत्या नाहीतर बिचाऱ्या. ही बाई रडत रडत उठते. मी रोज तशीच उठते. कुणीतरी कुठेतरी बसून माझ्याबद्दल लिहिलं आणि ते प्रकरण माझ्याच सासऱ्यानं शिवून माझ्याकडे दिलं, हे मला सोसत नाही. आबांचा शब्द मोडला, मान्य. पण तो शब्द आमच्याबद्दल होता आणि आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या बखरीतल्या किल्लेदाराचीही बायको त्याच किल्ल्यात असेल ना? दाणा संपला तेव्हा तिनं काय खाल्लं, ते बखरीत आहे का? मी शोधलं, नाही.

माफीच्या जागी मी दुसरंच लिहिणार आहे. तुमच्या भावाला सांगितलं, तर आधी म्हणाले, त्या दिवशी मला ताप येईल. रात्री जेवताना म्हणाले, वाचीन, पण अकराव्या प्रकरणात आहे काय ते मला आधी सांग. मी सांगितलं नाही. सभेनंतर सांगेन म्हटलं. माणसाला वाचायची गरज असली की तो वाचतो.

रागावलात तरी पत्र टाकाच, गप्प राहू नका.

आपली,
गोजर


शेवगाव, ता. २० फेब्रुवारी १९४४
(सभेत वाचण्यासाठी)

ती. आबासाहेबांच्या चरणी,
सून गोजर हिचा शि. सा. न. वि. वि.

एका घरात राहून पत्र लिहिते, क्षमा असावी. तोंडानं बोलले तर उलट उत्तर होईल आणि पत्र असलं की ते नुसतं उत्तर राहतं.

माझं आवडतं पुस्तक होडीवालीची कादंबरी. त्यातलंही अकरावं प्रकरण. ते अयोग्य आहे म्हणून शिवलं गेलं आणि मी ते उसवलं म्हणून मला माफी मागायची आहे. मागते. माझी एकच अट आहे. या सभेत ज्यानं कुणी ते प्रकरण वाचलं असेल, त्यानं उठून त्यात काय आहे ते सांगावं. मग ते अयोग्य आहे का, ते सर्वांना कळेल आणि मी त्याच वेळी माफी मागेन. पण न वाचता, नुसता मथळा पाहून ते कुणी अयोग्य ठरवलं असेल, तर माफी मी मागायची की त्यानं, हेही सभेनंच सांगावं.

आपल्या हाताखाली मी शिकले, ते ऋण मोठं आहे. चांगला टाका घालायला आपणच शिकवलंत.

आज्ञाधारक, फक्त याच एका बाबतीत नाही,
गोजर


शेवगाव, ता. २२ फेब्रुवारी १९४४

ती. सौ. लंकाअक्कांस,
गोजरचा शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, तेव्हा अक्षराकडे पाहू नका.

वाचनालयाच्या ओसरीवर आम्हा बायकांसाठी पडदा लावला होता, दुकानातल्याच खाकी तुकड्यांचा, मीच जोडलेला. पुरुषांची आवडती पुस्तकं आधी झाली. काकासाहेब शेतीच्या पुस्तकावर बोलले, खताच्या खड्ड्याशिवाय त्यांना काही आठवेना. मग तुमचे भाऊ उठले. आवाज पहिल्या ओळीला चिरकला, पण पुढे पुढे सुधारला, आणि अटीपाशी आले तेव्हा तर त्यांनी कागद खाली घेऊन सगळ्यांकडे पाहिलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी गोदाकाकूंचं मनगट दाबून धरलं.

कुणी उठेना. काकासाहेब शेजाऱ्याकडे पाहतात, शेजारी छताकडे पाहतो. कुणीही वाचलेलं नव्हतं, अक्का. मी मनात म्हटलं, झालं. जिंकले.

आणि आबा उठले.

म्हणाले, मी वाचलं आहे, मी सांगतो. आणि त्यांनी सांगितलं. अगदी पहिल्या वाक्यापासून. सासरा वल्हं मांडीवर आडवं घेऊन ओट्यावर बसला आहे, सून समोर उभी आहे. तो म्हणतो, की या घरच्या बाईनं याला हात लावला नाही. ती म्हणते, की वल्ह्याला तेल मी लावते, होडीच्या फटी मी भरते, हात माझेच चालतात, फक्त मी चालत नाही. तो म्हणतो, बुडशील. ती म्हणते, बुडेन तर नदीत बुडेन, तुमच्या दारात वाळून मरणार नाही.  मग ती त्याच्या मांडीवरचं वल्हं उचलते आणि म्हातारा तिला अडवत नाही. इथे आबा थांबले. म्हणाले, की का अडवत नाही ते लेखकानं लिहिलेलं नाही, पण मला ते कळतं.

 काकासाहेबांनी विचारलं, की चिटणीस, यात अयोग्य काय आहे? आबा म्हणाले, काहीच नाही. पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण आहे. चांगलं आहे म्हणूनच शिवलं. वाईट असतं, तर बायकांनी वाचून दुसऱ्या दिवशी सोडून दिलं असतं. हे त्या सोडणार नाहीत, ते मला ठाऊक होतं.

अक्का, मी त्यांना ओळखलंच नव्हतं. मथळा पाहून सुई उचलणारा माणूस समजले होते. मला वाईट वाटलं आणि त्याच्या दुप्पट राग आला. कळत नसतं तर मी सोडून दिलं असतं. पण कळून, आवडून, ते शिवायचं? ते आपण एकट्यानं वाचायचं?

मग आबांनी पडद्याकडे तोंड केलं. म्हणाले, सूनबाई, अट तुझी होती. मी सांगितलं. आता तुझा शब्द.

तुमचे भाऊ कागदावर माफी लिहून घ्यायला पेन शोधू लागले. मी म्हटलं, राहू द्या. मी पडदा बाजूला केला आणि उभी राहिले. पदर डोक्यावर होता. काकासाहेब म्हणाले, की बाईमाणसानं आतूनच बोलावं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आबांकडे पाहिलं. म्हटलं, आबा, मी शब्द पाळते, मी तुमचीच सून आहे. भर सभेत माफी मागते. टाके उसवल्याची नाही. उसवून, वाचून, ते प्रकरण मी पुन्हा शिवलं आणि दुसऱ्या बायकांना बंद करून ठेवलं, त्याची. ते माझं चुकलं. पुन्हा शिवणार नाही.

आतून शमशाद हसली, अशी खदखदून, की अजीजभाई बाहेर टांग्याजवळ दचकले म्हणे. मग गोदाकाकू. मग पुरुषांतही कुणीतरी. काकासाहेब म्हणत राहिले, की ही माफी धरायची की नाही. आबा त्यांना म्हणाले, की तुम्हाला माफी हवी होती, तिनं मागितली. आता कोणत्या गोष्टीची, ते तुम्ही आधी ठरवायला हवं होतं. आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. प्रकरण तर सगळ्या गावानं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, आता कुलूप लावून काय झाकायचं होतं!

घरी आल्यावर आबा जेवले, हात धुतले, दुकानात गेले. मी काजं घेऊन बसले. मान वर न करता ते म्हणाले, की आजपासून चिटणीसपद सोडलं. ज्यांना पानं शिवायची असतील, त्यांनी सुई धरायला शिकावं. मी म्हटलं, शिकवणार कोण? ते म्हणाले, मी तर नाही. मग चष्मा सावरून म्हणाले, की तू शिकवलंस तर घराबाहेर काढीन.

आमच्यावरची कृपा अशीच भांडखोर राहू द्या.

आपली,
गोजर